चहा, राख आणि नेवासकर बाई

नगरच्या सराफ बाजारात 'अँटिक' म्हणजे गेल्या आठवड्यात मुंबईहून आलेला माल. सोन्याची चकाकी मुद्दाम मारलेली, नक्षीच्या खाचांत थोडा काळपटपणा भरलेला. सेल्समन तो काचेखालून काढताना आवाज असा खाली आणतो, जणू कुणाच्या पणजीला झोपेतून उठवतोय. 'व्हिंटेज' म्हणजे तोच माल, पण मागच्या दिवाळीत न खपलेला. आणि 'मॉडर्न' म्हणजे ज्यात सोनं कमी आणि मजुरी जास्त. या व्याख्या माझ्या नाहीत. नेवासकर बाईंच्या आहेत.

"हे अँटिक आहे?" बाई विचारायच्या.

"प्युअर अँटिक, मॅडम. कालच आलंय."

"कुठून?"

"फॅक्टरीतून."

बाई समाधानाने मान हलवायच्या. बाहेर आल्यावर मला म्हणायच्या, "हा मुलगा मला आवडतो. खरं बोलतो. फक्त आपण खरं बोलतोय हे त्याला कळत नाही."

मालती नेवासकर श्रीगोंद्याच्या आमच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायच्या. मी तिथे गणिताला लागले, तेव्हा त्या शाळेत इतक्या मुरल्या होत्या की नवे मुख्याध्यापक आधी त्यांना भेटायचे आणि मग खुर्चीत बसायचे. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी तेव्हा कुठल्याही ओळखीत दुसऱ्याच वाक्याला सांगायचे. अजूनही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान. सगळ्यात कमी मार्क कशात?"

उंच, हडकुळ्या, सुती पातळातल्या बाई. हातात घड्याळ. कान मोकळे. भोकं होती, पण त्यांत कडुनिंबाची काडीसुद्धा नव्हती. वडील नगरच्या कोर्टात कारकून होते, आजोबा नेवाशाला पूजा सांगायचे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची शाळेत कुणाची छाती नव्हती, आणि मला ते कळलं तेही दुसरंच काही विचारायला जाऊन. पण ते पुढे.

एक रविवार सोडून एक रविवार बाई एसटीने नगरला जायच्या. गावाचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, बाईंच्या तोंडी नगरच राहिलं. खोलीवर मला करमायचं नाही, म्हणून मी बरोबर जायला लागले. मला वाटलं होतं देवदर्शन असेल. निघाली खरेदी. खरेदी तरी कसली म्हणायची, कारण बाई कधी काही विकत घेत नसत.

त्यांना हवा असायचा टूर्मलीन. बाजारात तुरमली म्हणतात. खडा गुलाबी असतो, हिरवा असतो, कधी एकाच खड्यात दोन्ही रंग. नवरत्नांच्या पंगतीत त्याचं पान नाही. कुठल्याच ग्रहाने त्याला दत्तक घेतलेलं नसल्यामुळे पत्रिका घेऊन येणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत नाही. बाकीचं गिऱ्हाईक म्हणजे आम्ही. आम्ही सोनं वजनावर घेतो आणि घेण्याआधीच मोडीत काय येईल ते विचारतो. मोडीत खड्याचं वजन वजा होतं. थोडक्यात, अख्ख्या जिल्ह्यात टूर्मलीन मागणारं माणूस एकच होतं, आणि ते कानात काही घालत नव्हतं.

चंदूशेठच्या दुकानात बाईंची ठरलेली जागा होती. चंदूशेठ बाईंच्याच वयाचे, चष्मा कपाळावर, मालाबद्दल गोड बोलण्यात तीन पिढ्या गेलेल्या. बाई आल्या की ते हाक द्यायचे, "बाईंना चहा." तो चहा बाई प्यायच्या नाहीत. तो प्रयोगाचं साहित्य होता.

प्रयोग असा. टूर्मलीनचा खडा गरम केला की त्यात वीज भरते आणि तो हलकी राख स्वतःकडे ओढतो. माणिक नुसतं गरम करून असं करत नाही, काच करत नाही. पूर्वी बाई खडा दुकानातल्या टेबललॅम्पच्या बल्बवर धरायच्या. एलईडी आले, बल्ब थंड पडले आणि विज्ञान अडलं. तेव्हापासून चहा. गरम ग्लासाला खडा टेकवून ठेवायचा, मग उठून दुकानातल्या लक्ष्मीच्या फोटोसमोरची उदबत्तीची राख चिमटीत घ्यायची, कागदावर टाकायची आणि चिमट्याने खडा राखेवर न्यायचा. राख उडून चिकटली, तर टूर्मलीन. खडा कोंदणातून काढलेला हवा, ही अट. शिवाय हवा कोरडी हवी, म्हणून पावसाळ्यात बाई खरेदीला जात नसत.

"बाई, लक्ष्मीपुढची राख आहे ती," चंदूशेठ पहिल्या पहिल्यांदा म्हणायचे.

"तिला चालतं. तिलाही माल खराच हवा असेल."

राख उडाली की पुढचा अंक जांगडचा. जांगड म्हणजे माल विश्वासावर घरी न्यायचा, पसंत पडला तर पैसे द्यायचे, नाही तर परत. सराफ हे ओळखीच्या, पैसेवाल्या घरांशी करतात. बाई पैसेवाल्या नव्हत्या, पण इतक्या ओळखीच्या झाल्या होत्या की चंदूशेठचा नाइलाज होता. तीन दिवस दागिना बाईंच्या घरी. सकाळच्या उन्हात, ट्यूबलाइटखाली, मेणबत्तीपुढे त्या तो बघायच्या. चौथ्या दिवशी परत. ब्रिटिशांच्या काळातली अंगठी परत. तिच्या खड्यामागे चमकीचा पत्रा लावलेला होता. आईच्या पिढीतलं पदक परत, कारण मधला खडा जुना आणि कडेचे नवे. जयपूरच्या मशीनवर पैलू पाडलेले हिरवेगार झुमके परत. त्यांत काहीच दोष नव्हता, हाच दोष. "यांना भूतकाळ नाही," बाई म्हणाल्या.

चंदूशेठ हे का सहन करतात, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा ते दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं: "खड्याची काळजीच करू नका ताई. नेवासकर बाईंनी तपासलाय." म्हणजे सराफाला एक लॅबोरेटरी एका चहाच्या भावात पडत होती.

बाईंचं एक वाक्य होतं. वर्गात, स्टाफरूममध्ये, बाजारात, सगळीकडे तेच. "वस्तू कधी खोटी नसते. नाव खोटं असतं. काच ही काच म्हणून खरीच असते." ऐकायला हे बरं वाटतं. सोबत राहायला अवघड जातं.

शाळेत मराठी शिकवणारी एक नवी मुलगी आली होती, स्वप्नाली. साखरपुडा झालेली, हातभर मेंदी. होणाऱ्या नवऱ्याने मोबाईलवरून मागवलेलं पेंडंट घालून ती स्टाफरूममध्ये आली. कलिंगडी टूर्मलीन, आत लाल आणि कडेला हिरवा. आम्ही सगळ्यांनी छान छान म्हटलं. बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाव काय म्हणालीस?"

"टूर्मलीन, मॅडम. व्हिंटेज आहे. सर्टिफिकेटपण आहे."

"सर्टिफिकेट म्हणजे दुसऱ्याने सोडवलेला पेपर. दे इकडे."

मी टेबलाखालून बाईंचा पाय दाबला. त्यांनी तो बाजूला घेतला. उदबत्ती नव्हती, म्हणून शिपाईमामांच्या विडीची राख आली. चहा तर होताच. पेंडंट ग्लासाला टेकवलं. राख उडाली नाही. थोड्या वेळाने वास मात्र आला.

"प्लास्टिक," बाई म्हणाल्या. "कड मऊ झालीय बघ."

स्वप्नाली रडत बाहेर गेली. सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंना खरंच कळेना. "अगं, मी तिला वाईट म्हटलं का? प्लास्टिक चांगलं आहे. रंग किती सुरेख जमवलाय. फक्त ते टूर्मलीन नाही." स्वप्नालीच्या लग्नाची पत्रिका सगळ्या शाळेला आली. बाईंना आली नाही. लग्नाच्या दिवशी सगळे तिकडे गेले, त्या एकट्याच शाळेत राहिल्या आणि मुलांना नेमाने शिकवलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी शहाणपणा करून बाईंना खरेदीला नेलं नाही. त्या स्वतःच आल्या. माझी आई गावाहून आलेली, नऊवारी नेसलेली, कमरेला पैशाची पिशवी. चंदूशेठनी मंगळसूत्र दाखवलं, बाईंनी मधेच गुलाबी खड्याची कर्णफुलं मागवली.

"ह्ये काय आन् आता?" आई म्हणाली.

"टूर्मलीन. सुनंदाच्या रंगाला शोभेल."

आईने कर्णफूल तळहातावर घेऊन जोखलं. तिचा तळहात चंदूशेठच्या काट्याइतका पक्का होता. "ह्यात सोनं हाय कुठं? निसता खडा. खडा गहान पडतो का वो बाई?"

"खडा गहाण टाकायला नसतो. बघायला असतो."

"बघायला आमच्या दारात डोंगुर हाय."

चंदूशेठ खाली वाकून काहीतरी शोधायला लागले. मला वाटलं, आता बाई चहा मागणार. पण त्या आईकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण डोंगर कानात घालता येत नाही."

"त्ये बी खरं," आई म्हणाली, आणि तिने कर्णफुलं परत ठेवली. दोघी एकमेकींवर खूश होत्या. कुणीच काही विकलं नव्हतं आणि घेतलं नव्हतं. जाताना आई मला हळूच म्हणाली, "बाई लई सरळ हाय तुजी. म्हनून ऱ्हायली आसंल तशी."

आईने एका वाक्यात गाठलं होतं ते बाईंच्या तोंडून मला कळलं त्यानंतरच्या एका रविवारी, नगरहून परतताना. कारखान्यांचा हंगाम होता. एसटीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यापुढे आणखी ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं. गाडी पायी चालल्यासारखी चाललेली. वेळ जावा म्हणून मी विचारलं, "बाई, इतके दागिने बघता, मग तुमचे कान मोकळे का?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं रागावल्या. पण त्या बोलायला लागल्या, तासाला उभं राहून शिकवतात तशा.

त्यांची बी.एस्सी.ची परीक्षा नुकतीच झाली होती. लग्न ठरलं. मुलगा श्रीपाद, कोपरगावच्या बाजूला साखर कारखान्यात नुकताच केमिस्ट लागलेला. साखरपुड्याला त्याच्या वडिलांनी कुड्या आणल्या. मोत्यांचं फूल आणि मधे लाल खडा. सगळ्यांना दाखवत ते म्हणाले, घराण्यातलं माणिक आहे, हातात घेऊन बघा. कुड्या फिरत फिरत नवरीकडे आल्या.

"रंग मला माणकाचा वाटेना," बाई म्हणाल्या. "गुलाबीकडे झुकलेला. मी म्हटलं, हे टूर्मलीन आहे."

"असं एकदम?"

"अगं, मी कौतुकाने म्हटलं. पुस्तकात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा हातात आली होती. ते म्हणाले, म्हणजे काय? मी म्हटलं, दाखवते. समईवर कुडी धरली. खड्याला काजळी लागली, ती शालूच्या पदराने चांगली घासून पुसली. उदबत्तीच्या राखेवर नेली. राख टपकन चिकटली. मी वर बघितलं. मला वाटलं टाळ्या पडतील."

टाळ्या पडल्या नाहीत. श्रीपादच्या वडिलांनी कुड्या रुमालात बांधल्या. कुणी आवाज चढवला नाही. चांगली माणसं होती, बाई म्हणाल्या. फक्त उठली. आणलेले पेढेही विसरली नाहीत.

"पण बाई, तुम्ही खरं तेच बोललात की," मी म्हणाले. मला मनापासून राग आला होता. "असल्या घरात न पडलात ते बरं झालं."

"तेच मी सात-आठ वर्षं स्वतःला सांगत होते. मग एकदा आठवीच्या वर्गात स्थितिक विद्युत शिकवत होते. काचेची कांडी घेतली, रेशमी रुमालावर घासली, कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे उडाले. पोरं हसली. आणि मी कांडी हातात धरून तशीच उभी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पदर रेशमी होता, सुनंदा. रेशमावर घासली तर काचही राख ओढते. काहीही ओढतं. माझ्या प्रयोगाने काहीच सिद्ध झालं नव्हतं."

ट्रॅक्टरवरचं गाणं बदललं.

"लग्न मोडलं त्याचं काही नाही," बाई म्हणाल्या. "मोडतात. पण तो खडा माणिक असेल, तर भर साखरपुड्यात मी एका घराला खोटं ठरवलं, तेही चुकीच्या प्रयोगावर. मला तो खडा एकदा कोंदणातून काढून नीट तपासायचाय. बस."

तेव्हा मला त्या रविवारांचा अर्थ लागला. बाई टूर्मलीन विकत घ्यायला हिंडत नव्हत्या. जुनं मोडायला येतं ते सराफाकडे. जुन्या कुड्या मोडीत आल्या की आधी मला दाखवा, असं त्यांनी चंदूशेठला कधीचं सांगून ठेवलं होतं. बाकीचा टूर्मलीन म्हणजे हात चालू ठेवायचा सराव.

या गोष्टीला काही वर्षं गेली. माझं लग्न झालं, बदलीही झाली, तीसुद्धा कोपरगावलाच. बाई निवृत्त झाल्या, पण रविवार निवृत्त झाले नाहीत. एका शनिवारी मला त्यांचा फोन आला. आवाज वर्गातलाच. "चंदूशेठकडे कुड्या आल्यात. पार्टी कोपरगावकडची आहे. मोड थांबवलीय. उद्या पैसे न्यायला येणार आहेत. तू ये."

दुसऱ्या दिवशी मला नगरलाच एका लग्नाला जायचं होतं. मी रेशमी साडी नेसूनच दुकानात गेले. बाई माझ्या आधी आलेल्या. काचेवर मखमलीत कुड्या होत्या. बाईंनी त्यांना हात लावला नव्हता.

"त्याच आहेत?"

"डावीतला एक मोती पिवळट आहे. तेव्हाही होता."

तेवढ्यात पार्टी आली. सत्तरीतले एक गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि त्यांची सून. सुनेला घाई होती. "शेठ, वजन झालं का? खड्यांचं काही धरणार आहात का?"

"खडा वजा होतो, ताई."

"माणिक आहे ते. पिढीजात."

चंदूशेठनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी गृहस्थांकडे पाहिलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "शेठ, चहा मागवा. आणि एक खडा कोंदणातून काढून द्या."

आतला कारागीर खडा काढून घेऊन आला. चहा आला. बाईंनी खडा ग्लासाला टेकवला, उठल्या आणि लक्ष्मीपुढची राख चिमटीत घेतली. गृहस्थ इतका वेळ भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. चिमटीतली राख बघून ते सावरून बसले.

"नेवासकर," ते म्हणाले. "अजून राखच का?"

चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं नव्हतं. राखेवरून ओळखलं.

बाईंचा हात थांबला नाही. "बसा, श्रीपादराव. प्रयोग चालू आहे."

"प्रयोगाची गरज नाही. माणिक नाही ते. मूळ माणकं माझ्या आजोबांनीच काढून विकली होती. त्या जागी सोनाराने काय बसवलं, ते त्यालाच माहीत. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं."

"बाबा," सून म्हणाली, "हे तुम्ही इथे कशाला सांगताय?"

"सगळ्यांना ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर वडील उठले. खोटं म्हटल्याचा राग नव्हता. चारचौघांत कळल्याचा होता." त्यांनी खिशातलं पेन सरळ केलं. "आणि तुम्ही काजळी पुसलीत ती रेशमी पदराने. मी केमिस्ट. मला तेव्हाच कळलं, राख कशाने चिकटली ते."

"मग बोलला का नाहीत?"

"वडील बसले होते."

सगळ्या जिल्ह्यात ज्याला बाईंची चूक कळू शकली असती असा एकच माणूस साखरपुड्याच्या दिवशी त्यांच्यासमोर पाटावर बसला होता, आणि त्याने ती पोटात ठेवून पेढे परत नेले होते.

बाईंनी गरम खडा चिमट्यात धरला आणि राखेवर नेला. राख हलली नाही. त्यांनी दुसरा चहा मागवला, तो पहिल्यापेक्षा गरम. परत नेला. राख तशीच. मग त्या माझ्याकडे वळल्या, काही न विचारता माझा पदर ओढला, खडा त्यावर चांगला घासला आणि राखेवर धरला. राख टपकन उडून चिकटली.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "शेठ, भिंगातून बघा."

चंदूशेठनी कपाळावरचा चष्मा काढून ठेवला आणि भिंग डोळ्याला लावलं. "बुडबुडा आहे आत. काच."

श्रीपादराव हसले. "म्हणजे तुम्हीही चुकलात."

"निम्मी. माणिक नाही म्हटलं, तिथे पास. टूर्मलीन म्हटलं, तिथे नापास."

"पस्तीस टक्क्यांना पास करतात आपल्याकडे."

"शालेय परीक्षेत," बाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा सैल झाला होता. मला आधी वाटलं वाईट वाटलं असेल. मग लक्षात आलं, पेपर परत मिळालेल्या मुलाचा चेहरा असतो तो. मार्क कितीही असोत, वाट बघणं संपलेलं असतं.

सुनेने पैसे मोजून घेतले आणि सासऱ्यांना उठवलं. दारात श्रीपादराव थांबले. त्यांनी बाईंना नमस्कार केला, बाईंनी केला, आणि ते पायऱ्या उतरून गेले. एवढंच. मी कितीतरी दिवस यापुढे काहीतरी होईल याची वाट बघत होते. झालं नाही. दोघंही सरळ माणसं, पण एकाच वेळी नाही.

"बाई, काच हवी तर फुकट न्या," चंदूशेठ म्हणाले. "पण या कुड्या मोडू ना आता?"

"खडा परत बसवा. जांगड द्या. तीन दिवस."

"यात बघायचं काय राहिलं आता?"

"सवय आहे," बाई म्हणाल्या.

चंदूशेठनी मला नंतर सांगितलं, चौथ्या दिवशी ते सवयीने मखमल उघडून बसले होते. बाई आल्या त्या पैसे घेऊन. सोन्याचे, मोत्यांचे, आणि फुकट म्हटलेलं असूनही वर काचेचे वेगळे. चंदूशेठ नको नको म्हणत होते. बाईंनी ऐकलं नाही. इतकी वर्षं अस्सल टूर्मलीन परत करणाऱ्या बाईंनी त्या दुकानातून विकत घेतलेला हा पहिला दागिना, आणि त्यात मधोमध काच.

माझी आई हे ऐकून म्हणाली, "मोडीत काय यील त्याचं?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "मग मोडनार न्हाई. ऱ्हाईल."

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते नगरच्या माळीवाडा स्टँडवर. मी कोपरगावच्या गाडीत बसलेली, गाडी सुटायच्या बेतात. समोरच्या बाकावर बाई श्रीगोंद्याच्या गाडीची वाट बघत होत्या. तेच सुती पातळ, मांडीवर पिशवी, आणि कानात कुड्या. कान जरा ओघळले होते, पण कुड्या सरळ बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारी बाजाराची टोपली घेऊन बसली होती. ती वाकून वाकून बाईंच्या कानाकडे बघत होती.

"मानिक हाय का वो बाई?" तिने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "काच आहे."

म्हातारीने जीभ चावली. तिला वाईट वाटलं असावं. ती टोपलीतली मेथी उगाच नीट करायला लागली.

माझी गाडी हलली. मी खिडकीतून हात केला, बाईंनी पाहिला नाही. त्या म्हातारीकडे वळल्या होत्या, आणि कानातली कुडी दोन बोटांनी जराशी पुढे धरून, तिला नीट दिसावी म्हणून, वर्गातल्या आवाजात सांगत होत्या, "पण तपासून घेतलीय."